धाकट्या विमानाचे वैमानिक

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या माणसाला विमान पकडायचे तर वर्षानुवर्षे नागपूरच गाठावे लागले. यवतमाळची धावपट्टी 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबादच्या धावपट्ट्यांसोबत 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे गेली, पण तिथे नियमित प्रवासी सेवा काही रुजली नाही. अमरावतीच्या बेलोऱ्यात एटीआर 72 विमानाची मुंबई सेवा सुरू झाली ती थेट 16 एप्रिल 2025 ला. या उशिराची कारणे शोधताना आपण जमीन, परवाने, तिकिटांचे दर सगळे काढतो. विमान चालवणाऱ्याचा विषय कुणी काढत नाही. छोटे विमान म्हणजे नवशिक्याची पायरी, ही आपल्या विमान कंपन्यांतली जुनी रीत छोट्या गावांना महागात पडली आहे, असे माझे मत आहे.

या रीतीचे मूळ इंडियन एअरलाइन्समध्ये सापडते. 1 ऑगस्ट 1953 ला आठ कंपन्यांची हवाई सेवा एकत्र करून ती उभी राहिली, तेव्हा तिच्या ताफ्याचा कणा डाकोटा विमानांचा होता. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येऊन टपाल बदलत, त्या रात्रसेवेचा भारही आधी डाकोटांनीच वाहिला. मग 1957 मध्ये व्हायकाउंट, 1961 मध्ये फोकर, पुढे कॅराव्हेल, बोइंग 737 आणि 1976 मध्ये एअरबस ए300 आले. दर नव्या विमानाबरोबर ज्येष्ठ वर सरकत आणि रिकाम्या खुर्चीत कनिष्ठ बसत. वैमानिकाच्या परवान्यावर विमानाच्या प्रकाराची नोंद लागते. त्यासाठी वर्गातले धडे, सिम्युलेटर आणि प्रशिक्षकाच्या शेजारी बसून उड्डाणे, एवढे सगळे नव्याने करावे लागते. हा खर्च तेव्हा कंपनीचा, म्हणून कोण कोणत्या वर्गाला बसणार हे सीनियॉरिटीची यादी ठरवी. इंडियन एअरलाइन्सच्याच कॅप्टन सौदामिनी देशमुख यांची कारकीर्दही फोकर, मग बोइंग 737, मग एअरबस ए320 अशीच चढत गेली. नवख्याची निवड म्हणजे बहुतेकदा त्या वर्षी कुठली खुर्ची रिकामी आहे एवढेच.

1981 मध्ये आलेली वायुदूत ही रीत मोडू शकली असती. ईशान्येसाठी सुरू झालेली ही कंपनी पुढे देशभरच्या लहान गावांकडे वळली, कानपूरला बनलेली 19 आसनी डॉर्निअर तिने वापरली. पण ती इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडियाचे अपत्य; 1993 मध्ये ती विलीन झाली आणि तिची माणसे अखेर थोरल्या कंपन्यांत सामावली गेली. वायुदूत बुडाली ती तोट्याने, वैमानिकांमुळे नव्हे, असा आक्षेप येईल. तो खराच आहे, रिकाम्या विमानाला कुठलाही कमांडर वाचवू शकत नाही. तरीही तोट्याची सेवा कोणीतरी हट्टाने धरून ठेवावी लागते, आणि ज्या कंपनीत प्रत्येकाची नजर वरच्या पायरीवर असते तिथे असा हट्ट धरणारे उरत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तरुणाने मोठे विमान आणि मोठा पगार का सोडावा? सोडू नये. त्याला जबरदस्तीने थांबवण्याचे उपाय होऊन गेले. 2005 मध्ये सरकारने राजीनाम्यासाठी सहा महिन्यांची पूर्वसूचना सक्तीची केली, 2017 मध्ये कमांडरसाठी ती वर्षाची केली. कंपन्यांचे बाँड वेगळेच. मोठ्या विमानांकडची धाव थांबली नाही, कारण दुखणे दर्जाचे आहे. आखूड धावपट्टी, दिवसाला अनेक उड्डाणे, पावसाळी ढगांतून वाट काढणे, हे काम कमी कसबाचे कोण म्हणेल? तरी ते उमेदवारीचे समजले जाते.

बेलोऱ्यातच हा पेच पुन्हा उभा आहे. तिथे 34 शिकाऊ विमाने आणि वर्षाला 180 वैमानिक घडवणारी संस्था एअर इंडियाने जाहीर केली आहे, पण एअर इंडियाच्या ताफ्यात एअरबस आणि बोइंगच आहेत. गावाला सेवा देणारे एटीआर सरकारी अलायन्स एअरचे. छोट्या गावांना विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेतल्या तुटीच्या भरपाईत राज्याचाही वाटा असतो. त्या वाट्यातून, एटीआरवरच कमांडर होऊन निवृत्त होऊ इच्छिणाऱ्याला मोठ्या विमानाच्या तोडीचे वेतन मिळेल अशी अट राज्य सरकारने घालावी.