घडीची माउंटन बाइक

घडीची माउंटन बाइक म्हणजे डोंगरवाटा, मुरमाचे रस्ते आणि डांबरी सडक अशा मिश्र पृष्ठभागांवर चालवता येईल इतकी भक्कम, पण सांगाडा दुमडून बस, रेल्वे वा मोटारीतून नेता येणारी सायकल होय. घडीच्या बहुतेक सायकली शहरातील वापरासाठी बनवलेल्या असतात व त्यांची चाके लहान असतात. खडबडीत वाटेला मात्र मोठी चाके आणि ताठ सांगाडा लागतो. या दोन गरजा एकमेकींच्या आड येत असल्याने अशा सायकली तयार स्वरूपात थोड्याच मिळतात. त्यामुळे काही सायकलस्वार त्या आपल्या मापाने बांधून घेतात.

== इतिहास ==

घडीच्या सायकलीचा विकास बऱ्याच अंशी सैन्याच्या गरजेतून झाला. १८९०च्या दशकात फ्रेंच सैन्यातील कॅप्टन जेरार यांच्या नावाने ओळखली जाणारी घडीची सायकल वापरात आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कंपनीने हवाई दलांसोबत उतरणाऱ्या सैनिकांसाठी घडीची सायकल बनवली. तिच्या सांगाड्याच्या बिजागऱ्या पाकळीच्या नटांनी आवळल्या जात. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या खांद्यांवरही ही सायकल दिसते. तिचा एक नमुना पुण्यातील विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात आहे.

माउंटन बाइक हा प्रकार १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत रूढ झाला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील माँटेग्यू कंपनीने पूर्ण आकाराच्या चाकांची घडीची माउंटन बाइक बाजारात आणली. पुढे अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या साहाय्याने तिने 'पॅराट्रूपर' ही सायकल तयार केली. भारतात आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी विकसित केलेली 'हॉर्नबॅक' ही पूर्ण आकाराच्या चाकांची घडीची विद्युत सायकल २०२३ मध्ये चर्चेत आली.

== चाकांची निवड ==

चाक जितके लहान, तितका अडथळा त्याला उभा वाटतो. टायरसह सुमारे ५० सेंमी व्यासाचे २० इंची चाक ५ सेंमी उंचीच्या दगडाला भिडते, तेव्हा स्पर्शबिंदूपाशी चढ सुमारे ३७ अंशांचा होतो. ७४ सेंमी व्यासाच्या २९ इंची चाकाला तोच दगड ३० अंशांचा असतो. लहान चाकांची घडी आटोपशीर होते, पण वाटेवर हा फरक मनगटांना आणि सांगाड्याला सोसावा लागतो.

== सांगाडा आणि बिजागरी ==

घडीसाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात मधल्या नळीवर बिजागरी बसवून सांगाडा मधोमध दुमडतात. वाटेवर सर्वाधिक वाक आणि पीळ याच भागातून वाहत असल्याने बिजागरीत किंचित ढिलाई आली तरी ती वाढत जाते. दुसऱ्यात, म्हणजे माँटेग्यूच्या पद्धतीत, सीटच्या नळीभोवती दुसरी नळी फिरते आणि मुख्य नळ्या अखंड राहतात. घडी मात्र मोठी होते व पुढचे चाक काढावे लागते.

जुनी माउंटन बाइक मधोमध कापून तेथे बिजागरी जोडण्याचा मोह स्वाभाविक असला तरी तो धोक्याचा आहे. चांगल्या प्रतीच्या पोलादी नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. अनेकदा टोकांशी ०.९ मिमी व मध्ये ०.६ मिमी. म्हणजे कापण्यासाठी निवडलेली जागा नेमकी सर्वांत पातळ असते. ६०६१ प्रकारच्या ॲल्युमिनियमची अडचण वेगळी आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचा धातू मऊ पडतो व पुन्हा योग्य उष्मोपचार केल्याशिवाय त्याची ताकद परत येत नाही. गावातील वर्कशॉपमध्ये ही सोय सहसा नसते. म्हणून सांगाडा सुरुवातीपासूनच घडीचा आराखडा धरून, क्रोमोली पोलादात, बांधणे श्रेयस्कर ठरते. आयएसओ ४२१० या सुरक्षा मानकात घडीच्या सायकलींचाही समावेश आहे.

== माण तालुक्यातील वाटांसाठी बांधणी ==

सातारा जिल्ह्यातील माण हा पर्जन्यछायेतील तालुका असून तेथून लोहमार्ग जात नाही. दहिवडी किंवा म्हसवडला एसटीने पोहोचून पुढे सायकल चालवायची, तर घडीचा उपयोग स्पष्ट होतो. महादेव डोंगररांग, शिखर शिंगणापूर आणि वारूगड, महिमानगड या किल्ल्यांच्या परिसरात डांबर, मुरूम, बेसॉल्टचे सुटे दगड आणि पाणंदी एकाच फेरीत भेटतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायर व फोर्क यांच्यामधील जागा भरून टाकतो. त्यामुळे तेथे पुरेशी मोकळीक ठेवावी लागते.

खरा शत्रू काटा आहे. बाभळीचे काटे आणि सराट्याची फळे साधी ट्यूब सहज भेदतात. ट्यूबरहित टायरमध्ये द्रव सीलंट घातल्यास लहान छिद्रे आपोआप बुजतात, परंतु उन्हाळ्यात सीलंट लवकर आटत असल्याने ते वरचेवर पाहावे लागते.

== ब्रेक आणि केबल ==

केबल व तेलाच्या नळ्या घडीच्या ठिकाणी वळतात, म्हणून तेथे पुरेशी सैल लांबी ठेवतात. ती कमी पडल्यास केबल ताणली जाते, तेलाची नळी मुरडते. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीचे चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी अडकवतात. अन्यथा बसच्या डिकीत ब्रेकचा दांडा दाबला गेल्यास पिस्टन पुढे सरकतात आणि चाक परत बसत नाही. प्रत्येक घडी उलगडल्यानंतर खटका पूर्ण बसल्याची खात्री करून, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवतात. बिजागरीत 'टक' असा आवाज किंवा हालचाल जाणवल्यास ती आवळेपर्यंत चालवत नाहीत.