चौकट सुताराची, मांडणी घरधन्याची



आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास मंडळाने काही वर्षांपूर्वी तालुक्यातील वीरगळांची नोंद करायला घेतली. गावोगावच्या गुरुजींनी फोटो धाडले, मुलांनी मोजमापे घेतली. हे सारे इंटरनेटवर मांडायचे कसे, असा प्रश्न आला. आमचे एक सहकारी म्हणाले, "कोड लिहायची गरजच नाही. तयार तुकडे पडद्यावर ओढायचे, जागेवर ठेवायचे, झाली वेबसाइट!" आमचा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या नोकरीत आहे. तो म्हणाला, "सर, ते खेळणे आहे. टिकाऊ काम हवे तर कोडच लिहावा लागेल." दोघांत चांगलीच जुंपली. मी पडलो इतिहासाचा माणूस. भांडण दिसले की ते सुरू कधी झाले हे आधी पाहावे, ही आमची खोड. पाहू गेलो तो गंमत अशी, की वेबचा जन्मच मुळी या दोन रीतींच्या सहकार्यातून झालेला आहे.

जिनीव्हाजवळ सर्न नावाची पदार्थविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. त्यांच्या टेबलावर नेक्स्ट कंपनीचा संगणक होता. अ‍ॅपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी काढलेली ही कंपनी. त्या संगणकात इंटरफेस बिल्डर नावाचे एक साधन होते. ज्याँ-मारी युलो या फ्रेंच गृहस्थांची ती करामत. खिडकी, बटण, यादी हे सारे माऊसने ओढून पडद्यावर मांडायचे. बटणापासून एक रेघ ओढून ते कोडाला जोडायचे. बटण दाबल्यावर घडायचे काय, तेवढे मात्र हाताने लिहायचे. दुसरीकडे ज्याला वर्षभर लागले असते, ते काम या संगणकावर दोनेक महिन्यांत झाले, असे बर्नर्स-ली यांनीच पुढे सांगितले आहे.

शिवाय तो ब्राउझर नुसता वाचण्यासाठी नव्हता. त्यातच नवे पान लिहिता येई, दुवा जोडता येई. पण नेक्स्टचा संगणक महाग. तो फार थोड्यांकडे होता. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून मोझेक हा ब्राउझर निघाला आणि वेब खऱ्या अर्थाने लोकांत गेली. मोझेकमध्ये पान रचण्याची सोय मात्र नव्हती. वाचणारे वाढत गेले. लिहिणारे, म्हणजे एचटीएमएलच्या खुणा एकेक करून टंकणारे, मूठभरच राहिले. आजच्या भांडणाचे मूळ माझ्या मते इथे आहे.

वेबच्या बाहेर तेव्हा काय चालले होते? १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक बाजारात आणले. अ‍ॅलन कूपर यांनी केलेले खिडक्या रचण्याचे साधन कंपनीने घेतले आणि ते बेसिक भाषेला जोडले. ही बेसिक भाषा १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजातील केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी तयार केली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. (प्राध्यापकांच्या हातून असे काही झाले की आम्हांला अंमळ जास्तच आनंद होतो.) व्हिज्युअल बेसिकमध्ये जाणते प्रोग्रामर तयार भाग करून विकत आणि बेताचे जाणणारा माणूस ते ओढून आपल्या कामात बसवी. सुताराने दाराची चौकट घडवून द्यावी आणि ती कुठल्या भिंतीत बसवायची ते घरधन्याने ठरवावे, तसे.

वेबवर मात्र ही जोडी जमायला वेळ लागला. १९९५ मध्ये फ्रंटपेज आले. ते करणारी व्हर्मिअर नावाची छोटी कंपनी १९९६ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. दिसेल तसे पान रचता येऊ लागले. पण हाताने लिहिलेला कोड त्यात उघडला, की फ्रंटपेज तो आपल्या मर्जीने बदलून ठेवी. घरात पाहुणा यावा आणि त्याने आपली फडताळे आवरून ठेवावीत, असा प्रकार! त्यातल्या काही सोयी तर सर्व्हरवर कंपनीचाच खास भाग बसवल्याशिवाय चालत नसत. १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाने ड्रीमवीव्हर काढले, तेव्हा लिहिणाऱ्याच्या कोडाला हात लावणार नाही अशी त्याची मोठी जाहिरातच होती. एवढ्याशा गोष्टीची जाहिरात करावी लागावी, यावरून आधीच्या जाचाची कल्पना यावी.

खरा सांधा जुळला तो २०१३ नंतर. त्या वर्षी फेसबुकने रिअ‍ॅक्ट सर्वांसाठी खुले केले; २०१४ मध्ये इव्हान यू यांचे व्ह्यू आले. यांना सरसकट फ्रेमवर्क, म्हणजे चौकट म्हणतात. काटेकोर मंडळी रिअ‍ॅक्टला लायब्ररी म्हणतात. त्या वादात आपण नको पडायला. मुद्दा असा की या चौकटींत पान हे एकसंध लिखाण राहत नाही. ते स्वतंत्र भागांचे होते, आणि प्रत्येक भागाला ठरावीक माहिती दिली की तो स्वतःला रेखाटतो. असे सुटे भाग हाती आल्यावर ओढून मांडण्याजोगे काहीतरी धड मिळाले.

आता बिल्डर.आयओ किंवा प्लाझ्मिक यांसारख्या साधनांत काय करतात पाहा. प्रोग्रामर एक भाग लिहितो आणि त्याची वर्दी साधनाला देतो: भागाचे नाव अमुक, बाहेरच्याला भरता येतील असे रकाने तमुक. मग तो भाग मांडणाऱ्याच्या यादीत दिसू लागतो. त्याने तो ओढून पानावर ठेवला, रकाने भरले, की कुठला भाग कुठे आणि त्यात काय, एवढीच नोंद जपली जाते. पान उघडताना चौकट ती नोंद वाचते आणि भागांकडून रेखाटून घेते. मांडणाऱ्याचा हात कोडापर्यंत पोचत नाही आणि लिहिणाऱ्याला मांडणीत डोके घालावे लागत नाही. वर्डप्रेसनेही २०१८ च्या डिसेंबरात गुटेनबर्ग हा ठोकळ्यांचा संपादक आणला, तो रिअ‍ॅक्टमध्येच लिहिलेला. पुष्कळ जण चिडले आणि जुना संपादक परत बसवून घेते झाले. सवय मोडणे अवघडच.

आमच्या वीरगळांचे सांगायचे राहिले. पहिल्या वर्षी सहकाऱ्यांचे ऐकून आम्ही एका सेवेत नुसते ओढून मांडले. दिसायला सुरेख. पण गावानुसार शोध घेता यावा म्हटले तर ती सोय नाही, आणि नोंदी उचलून दुसरीकडे न्याव्यात म्हटले तर वाट नाही. दिवाळीच्या सुटीत सगळे पुन्हा टंकले. मग त्या विद्यार्थ्याने वीरगळाचा एक भाग लिहून दिला: फोटो, गाव, उंची, शिल्पाचे किती थर, नोंद कोणी केली. आता गुरुजी शाळेत बसून नवा दगड स्वतः चढवतात, चूक स्वतः दुरुस्त करतात. त्यांना ना आम्हांला विचारावे लागते, ना त्याला.

परवा एका बाईंना शेताच्या बांधावर सतीशिळा सापडली. तिच्यावरचा हात आणि चंद्रसूर्य कुठल्या रकान्यात लिहायचे, असे त्यांनी विचारले. तसा रकानाच नव्हता. मी विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, "रविवारी करून देतो, सर. तोवर बाईंना सांगा, वहीत लिहून ठेवा."