मिरकरवाड्याची पेठ

रत्नागिरीस जाणारा प्रवासी लोकमान्यांचें जन्मस्थान पाहतो, ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा पाहतो आणि रत्नदुर्गावर जाऊन भगवतीचें दर्शन घेतो. मीही तोच क्रम धरला होता. परंतु गडावरून उतरल्यावर मिरकरवाड्याचें बंदर लागलें, आणि घटकाभर थांबावें म्हणून गेलों तो दोन तास तेथेंच गेले.

नौका नुकत्याच धक्क्याला लागल्या होत्या. बांगडा, सुरमई, कोळंबी यांच्या टोपल्या उतरत होत्या, बर्फ फुटत होता आणि लिलावाच्या बोलींनीं धक्का दुमदुमत होता. भाव येथें क्षणांत ठरतो. कारण हा माल कोणाची वाट पाहत नाहीं.

बाजार आणि गड असे शेजारीं पाहिले म्हणजे मनांत येतें, आधीं कोण? तेराव्या शतकांत फ्रान्सच्या दक्षिण भागांत राजांनीं व सरदारांनीं कित्येक बाजारगांवें मुद्दाम वसविलीं. मोंपाझिए हें त्यांपैकीं एक. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें तें १२८४ सालीं वसविलें. मध्यें चौक, भोंवतीं कमानी, सरळ रस्ते. आणि भरलेल्या बाजारापासून धन्यास उत्पन्न. तेथें पेठ राजानें आंखली. कोंकणच्या किनाऱ्यावर ती जागा बहुधा समुद्रच नेमून देतो. डोंगराचा आडोसा मिळेल तेथें होडी लागते, आणि होडी लागेल तेथें गिऱ्हाईक येतें. रत्नदुर्गाच्या पायथ्याच्या भागास आजही पेठकिल्ला म्हणतात; त्या एका नांवांत पेठ व गड यांचें नातें सांठलेलें आहे.

गडाचे धनी मात्र बदलत गेले. विजापूरकरांकडून तो शिवछत्रपतींकडे आला. पुढें आंग्रे, मग पेशवे, आणि १८१८ सालीं इंग्रज. १८२२ सालीं रत्नागिरी जिल्ह्याचें मुख्य ठाणें झालें. १८८६ सालीं थिबा राजा येथें कैदी म्हणून आला व १९१६ सालीं येथेंच निवर्तला. या सर्वांचीं नांवें दप्तरांत आहेत. याच पाण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जाळीं टाकणाऱ्या दालदी व खारवी नाखव्यांचीं नांवें कोणत्या बखरींत शोधावीं?

आणि आज प्रश्न त्यांच्याच धंद्याचा आहे. यांत्रिक नौका आल्या, पर्ससीन जाळीं आलीं. मासळीचा अख्खा थवा एका वेढ्यांत घेरला जातो, आणि लहान होडीवाल्याची तक्रार अशी कीं आपल्या वाट्यास कांहीं उरत नाहीं. राज्यानें १९८१ सालीं सागरी मासेमारीचें नियमन करणारा कायदा केला. पावसाळा हा अनेक जातींच्या मासळीचा विणीचा काळ. म्हणून १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते. पूर्वीं तटबंदीनें बंदर राखलें. आतां या दोन महिन्यांच्या बंदीवर बंदराचें पोट राखण्याचा भार आहे.

निघतांना जाळें विणीत बसलेल्या एका वृद्ध नाखव्यास विचारलें, “काय चाचा, मासळी कशी काय?”

हातांतलें काम न थांबवितां ते म्हणाले, “आजच्यापुरती हाय. नातवाला काय उरतंय, तें बघायचं.”

गडावर इतकें पाहिलें. परंतु घरीं आल्यावर आठवत राहिलें तें एवढेंच.