न नासणारे दूध
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत दूध दुरून, रेल्वेने यायचे. उन्हाळ्यात ते वाटेतच नासायचे. काही दूधवाल्यांनी त्यात फॉर्मल्डिहाइड घालायला सुरुवात केली, म्हणजे प्रेते टिकवण्याचेच द्रावण! थोडेसे पुरे; दूध आंबत नसे आणि गोठ्यातली घाणही झाकली जाई. भोगले ते वरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांनी.

अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी १९०२ पासून तरुण स्वयंसेवकांना जेवणातून अशी टिकाऊ द्रव्ये देऊन पाहिली. आधी बोरॅक्स, पुढे फॉर्मल्डिहाइडसुद्धा. पोरे आजारी पडली. वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव ‘विषपथक’ ठेवले. असा प्रयोग आज कोणी होऊ देणार नाही, पण त्या पोरांचे उपकार फार मोठे आहेत. १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्नाचा कायदा झाला.

आपल्याकडेही याच द्रव्याची भीती पसरली होती: गोव्यात जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीवर फॉर्मलिनचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणाचा, संशय आला आणि परराज्यांतून येणारी मासळी काही काळ थांबवली गेली.

भारतात विक्रीच्या दुधात फॉर्मलिन घालायला बंदी आहे. तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्यात मात्र अन्न सुरक्षा अधिकारी ते स्वतः घालतो, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दूध नासू नये म्हणून.