घार, ग्लायडर आणि तुमचा फोन: एकच आकाश कसं वाटून घ्यायचं?

रत्नागिरीत भर दुपारी एखाद्या कातळसड्यावर उभे राहा. पंख न हलवता गोल गोल वर चढणारी घार बहुतेक दिसेलच. इंजिन नसलेलं ग्लायडर विमान अगदी हेच करतं. पुण्याच्या हडपसर ग्लायडिंग सेंटरमध्ये मी पहिल्यांदा ग्लायडरमध्ये बसलो, तेव्हा प्रशिक्षकांनी मीटरच्या आधी घारीकडे बोट दाखवलं!

घार वर कशी जाते?
उन्हाने कातळ तापतो, त्यावरची हवा गरम आणि हलकी होऊन वर जाते. याला थर्मल म्हणतात. किनाऱ्यावर दुसरा प्रकार चालतो. समुद्रावरचा वारा रत्नदुर्गासारख्या कड्यावर आपटून वर वळतो आणि ब्राह्मणी घारी त्यावर आरामात तरंगतात.

फोनचा काय संबंध?
ग्लायडर वर चाललंय की खाली, हे व्हेरिओमीटर सांगतो. तो हवेच्या दाबातला फरक मोजतो. काही फोनमध्येही बॅरोमीटर असतो, त्यामुळे पॅराग्लायडिंगवाले एक्ससीट्रॅकसारखं अॅप वापरतात. दाब १ हेक्टापास्कलने कमी झाला, की तुम्ही साधारण ८ मीटर वर आलात. सेन्सर दाखवणारं अॅप उघडून तीन मजले जिना चढून बघा, फरक दिसेल.

धडक होत नाही का?
होऊ शकते. ग्लायडर ताशी ८० किमीच्या आसपास उडतं. त्या वेगात मोठा पक्षी आदळला तर दोघांनाही धोका. म्हणून थर्मलमध्ये जो आधी शिरला, त्याच्याच दिशेने बाकीच्यांनी गिरक्या घ्यायच्या. पायलट हा नियम पक्ष्यांसोबतही पाळतात. घाबरलेली घार अनेकदा पंख मिटून खाली झेपावते, म्हणून तिच्या अगदी खालून जायचं नाही.

ड्रोन उडवताय?
ग्लायडर पक्ष्यासोबत फिरतं, ड्रोन मात्र त्याला घुसखोर वाटू शकतो. आपल्या किनाऱ्यावर समुद्री गरुड उंच झाडांवर घरटी करतात, तीही हिवाळ्यात, म्हणजे नेमकी पर्यटनाच्या सीझनमध्ये. त्यामुळे:

- उडवण्याआधी सरकारी एअरस्पेस नकाशा बघा. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा विमानतळ आहे.
- घरट्याजवळ ड्रोन नेऊ नका.
- पक्षी ड्रोनभोवती फिरू लागला, तर शूटिंग थांबवा आणि ड्रोन परत आणा.

रील उद्याही काढता येईल. पण पिल्लं सोडून गरुड उडून गेला, तर तेवढ्या वेळात कावळे घरट्यापर्यंत पोचतात.