धाकट्या आईची सही

परवा आमगावहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, बाबांचा ट्रस्ट बदलून टाकू. शेत विकू अन् धाकट्या आईच्या नावानं बँकेत रक्कम ठेवू. आपण तिघं सह्या केल्या की झालं."

आमची आई लवकर गेली. बाबांनी दुसरं लग्न केलं. १९८६ साली त्यांनी लेख नोंदवून दोन एकर धानाची बांधी विश्वस्तांकडे दिली. धाकटी आई आहे तोवर उत्पन्न तिचं, नंतर आम्हा तिघा भावंडांचं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. विश्वस्त आता मी एकटाच उरलोय.

आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून कायद्याचाही इतिहास उघडला. १८८२ च्या विश्वस्त कायद्याचं ११ वं कलम सांगतं की लेखातल्या सूचना विश्वस्तानं पाळायच्या. बदल हवा तर सगळ्या लाभार्थींची संमती लागते, आणि ते सज्ञान नि शुद्धीवर असायला हवेत. सगळ्या म्हणजे तिचीही!

गंमत बघा. त्या काळी हिंदू विधवेचा नवऱ्याच्या मालमत्तेवर हक्क असला तरी तो हयातीपुरता. १९३७ च्या कायद्यानं वाटा दिला, तोही हयातीपुरताच. पूर्ण मालकी आली १९५६ च्या वारसा कायद्यानं. १९७७ साली तुळसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, पोटगीच्या हक्कापोटी विधवेला मिळालेली जमीन कागदावर हयातीपुरती लिहिली असली, तरी ती तिचीच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर 'पालक' या शब्दात सावत्र आई-वडीलही आले. आमचं प्रकरण ट्रस्टचं, म्हणजे वेगळं. पण रोख कळतो. सव्वाशे वर्षांत कायदा तिच्याकडे सरकत आला, आणि आम्ही मुलं मात्र तिला न विचारता ठरवत होतो.

रविवारी गेलो. ती पंच्याऐंशीची, अंगणात सूप घेऊन बसलेली. सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पैसे तुम्ही देसालच रे. पण दिवाळीनंतर घरच्या धानाचे कट्टे दारात उतरतात ना, तेव्हा वाटतं, हे घर माझंही आहे."

भावाला फोन केला. म्हटलं, एक सही कमी आहे, ती मिळणार नाही. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं, यंदा कट्टे मीच पोचवतो."

असो. तुमच्याही घरात असा जुना कागद असेल, तर त्यात जिचं नाव आहे तिला आधी विचारा.