मूतखड्याच्या दोन वंशावळी

मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशींना स्फटिक चिकटतात आणि त्यातूनच मूतखडा वाढीस लागतो, या विचाराचे जनकत्व बहुधा फिलाडेल्फियाचे मूत्ररोगतज्ज्ञ अलेक्झांडर रँडल यांना दिले जाते. या विचाराचे कूळ शोधत मागे गेल्यास मात्र असे आढळते की, तो सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे तर वेळेच्या एका हिशेबातून जन्मला, आणि रँडल यांच्याशी त्याचे खरे नाते आहे ते त्यांच्या गाजलेल्या शोधामुळे नसून दुर्लक्षित राहिलेल्या शोधामुळे.

नव्या घटातील स्वच्छ पाण्यातही कालांतराने गाळ बसतो, तसा खडा होतो, असे सुश्रुतसंहितेने म्हटले; १७९७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ वोलस्टन यांनी खड्यांतील कॅल्शियम ऑक्झलेट ओळखले. या सगळ्या काळात खडा ही मुख्यतः द्रवात घडणारी गोष्ट मानली गेली.

रँडल यांनी १९३०च्या दशकात शवविच्छेदनात मिळालेली हजाराहून अधिक मूत्रपिंडे तपासली. जेथून मूत्र बाहेर झिरपते त्या निमुळत्या टोकांवर, म्हणजे पॅपिलांवर, त्यांना काही ठिकाणी पृष्ठभागाखाली फिकट पांढुरके ठिपके दिसले आणि त्यांतल्या काहींना बारीक खडे घट्ट धरून बसलेले आढळले. हे ठिपके कॅल्शियमच्या क्षाराचे असून नलिकांच्या बाहेरच्या ऊतीत असतात. आज ते ‘रँडलचे चट्टे’ म्हणून ओळखले जातात. पण रँडल यांनी दुसरा प्रकारही नोंदवला होता: त्यात क्षार नलिकेच्या आतच साचून तिच्या तोंडाशी बूच बसते. पहिल्याला कीर्ती मिळाली, दुसरा अडगळीत गेला, आणि पुढचा सारा गोंधळ तेथूनच सुरू झाला.

१९७८ मध्ये फ्लोरिडाचे बर्डवेल फिनलेसन यांनी रीड यांच्यासह एक साधा प्रश्न विचारला. मूत्रपिंडात गाळला गेलेला द्रव नलिकेतून काही मिनिटांत वाहून जातो आणि स्फटिक मिनिटाला जेमतेम एकदोन मायक्रोमीटर वाढतो. मग नलिकेत अडकण्याइतका मोठा व्हायला त्याला वेळ मिळतो कोठून? उत्तर असे की मिळत नाही, म्हणून तो भिंतीला चिकटलाच पाहिजे. हा ‘स्थिर कणा’चा सिद्धांत. त्यात चिकटलेला स्फटिक दाखवलेला नव्हता, त्याची गरज तेवढी सिद्ध केली होती. आणि ही गरज नलिकेच्या पोकळीतली असल्याने तिचा संबंध चट्ट्यांशी नसून विस्मृतीत गेलेल्या त्या बुचांशी आहे.

हिशेबाने मागितलेली गोष्ट पुढे प्रयोगशाळांनी पुरवली. शिकागोत लीस्के आणि टोबॅक यांनी माकडाच्या मूत्रपिंडपेशींवर ऑक्झलेटचे स्फटिक सोडले, तेव्हा ते काही सेकंदांतच चिकटले. रॉटरडॅममध्ये व्हर्कुलेन यांच्या गटाला कुत्र्याच्या पेशींवर मात्र वेगळे चित्र दिसले: पेशींचा सलग, पूर्ण वाढलेला थर स्फटिकांना जवळजवळ थारा देत नाही, पण थरावर ओरखडा काढला की तो भरून काढणाऱ्या नव्या पेशींवर स्फटिक दाटीने बसतात आणि जखम भरली की ही चिकटण्याची वृत्तीही ओसरते. अशा पेशींच्या पृष्ठावर हायलुरोनान हा बुळबुळीत, साखरेच्या लांब साखळीचा पदार्थ आढळला. या दोहोंत रॉटरडॅमचे पारडे निःसंशय जड आहे, कारण निरोगी माणसाच्या मूत्रातही स्फटिक आढळतात आणि धडधाकट पेशींनी ते धरले असते, तर मूतखड्यापासून कोणीच सुटले नसते. माकडाच्या पेशींचा पुरावाही रॉटरडॅमच्या निष्कर्षाला खोडून काढत नाही. नलिकेच्या सुरुवातीच्या भागासारख्या पेशी सलग थरातही स्फटिक धरतात, हे रॉटरडॅमच्याच गटाने दाखवले, आणि बुचे बसतात ती नलिकेच्या शेवटच्या भागात.

कोक आणि खान यांनी १९९४ मध्ये फिनलेसन यांचा हिशेब पुन्हा मांडला आणि स्फटिक एकमेकांना जुळून गुच्छ झाले तर ते न चिकटताही अडकू शकतात, असे दाखवले. त्यामुळे चिकटण्याची सक्ती गेली, शक्यता मात्र राहिली.

खरा निवाडा झाला तो २००३ मध्ये, इव्हन, लिंगमन आणि को यांनी जिवंत रुग्णांच्या पॅपिलांचे तुकडे तपासले तेव्हा. अन्य कोणताही आजार नसताना कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणाऱ्या रुग्णांत चट्ट्यांची सुरुवात नलिकेच्या ‘हेन्लेचा वळसा’ या वळणाच्या पातळ भागाभोवतीच्या आधारपटलात, म्हणजे पेशी ज्यावर बसतात त्या पातळ पडद्यात, झालेली दिसली. नलिकांच्या पोकळीत स्फटिक नव्हते. लठ्ठपणासाठी आतड्याची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांत मात्र चट्टे नव्हते आणि संग्राहक नलिकांत, म्हणजे नलिकेच्या शेवटच्या भागात, स्फटिकांची बुचे बसलेली होती. ती बुचे प्रयोगांतल्या स्फटिकांसारखी ऑक्झलेटची नसून कॅल्शियम फॉस्फेटची निघाली, ही गोष्ट चिकटण्याच्या सिद्धांताला अडचणीची आहे आणि ती झाकून चालणार नाही; बहुधा फॉस्फेट आधी भिंत धरते आणि ऑक्झलेट नंतर त्यावर चढते. तरीही बुचांचे घराणे वेगळे आणि चट्ट्यांचे वेगळे, एवढे यातून पक्के ठरते. तेव्हा पाठ्यपुस्तकांनी पेशींना चिकटणारा स्फटिक रँडलच्या चट्ट्याच्या चित्राखाली छापणे आता थांबवावे.